जू आणि दोन विती

यशोदाबाईनं शेणखताची पाटी डोक्यावर घेतली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. उकिरडा घरामागच्या परड्यात आणि गाडी मारुतीच्या पारापाशी. मधली सगळी वाट डोक्यावर पाटी घेऊन चालायची, पाटी गाडीत रिती करायची आणि परत यायचं. गाडी भरेस्तोवर मान लाकडासारखी व्हायची. पाटीतून गळणारं काळं पाणी कानामागून मानेवर उतरायचं, तिथून चोळीत. नदीवर बायका म्हणायच्या, यशोदाबाई, तुझ्या अंगाला आता आंघोळीनंबी वास जायचा नाय. म्हणायच्या हसून, पण सरकून बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा गाडी घराशेजारच्या बोळातून थेट परड्यात जायची. बोळाच्या एका अंगाला तिचं घर, दुसऱ्या अंगाला कोंडाजीचं. कोंडाजी तिचा धाकटा दीर. सहादू, म्हणजे तिचा नवरा, जिवंत होता तेव्हाच दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या आणि बोळ सहादूकडं आला होता. त्या गावात गाडीवाट मोजायला टेपबिप कुणी आणत नाही. घरच्या गाडीचं जू आडवं धरायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांना आईनं एकेक वीत ठेवायची. दोन्ही लेकांना वीत एकाच हाताची, त्यामुळं कुणाला बोलायला जागा राहत नाही. नवसाबाईनं, दोघांच्या आईनं, पंचांसमोर उकिडवं बसून अशा दोन विती ठेवल्या होत्या. तिथं खुणेचे दगड पुरले होते.

पुढं सहादू तापानं गेला. त्याच्या पुढच्या वर्षी यशोदाबाई लेकीच्या बाळंतपणाला सटाण्याला गेली. महिन्यानं परत आली तर कोंडाजीचं मातीचं घर जमीनदोस्त झालेलं आणि विटांची भिंत कमरेइतकी वर आलेली. खुणेचे दगड नव्हते. भिंत दगडांच्या पुढं येऊन बोळात उभी होती.

"भावजी, ही भिंत बोळात आली," ती म्हणाली.

कोंडाजी खुर्ची टाकून गवंड्यांवर नजर ठेवून बसला होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. "टेपनं मोजून बांधलीय वैनी."

"टेपनं काय मोजलं? दगुड कुठं गेले?"

"थांब, बघतो."

ते 'थांब, बघतो' तिनं पुढं किती वेळा ऐकलं त्याला सुमार नाही. स्लॅब पडला तेव्हा ऐकलं, प्लास्टर झालं तेव्हा ऐकलं. पंचातले सावळीरामबाबा तेवढे हयात होते. त्यांच्याकडं गेली तर ते म्हणाले, "वय झालं गं, ध्यानात राहत नाय." कोंडाजीच्या विहिरीचं पाणी सावळीरामबाबांच्या उसाला जात होतं. ध्यानात कसं राहील! मग गाडी रस्त्यावर राहू लागली, तर कोंडाजीनं निरोप धाडला की पोराचं लग्न ठरतंय, नाशिक रोडचे पाव्हणे येणारेत, दारात शेणाची गाडी शोभत नाय, पारापाशी उभी कर.

तिनं केली. मूग गिळून केली. पण प्रत्येक पाटीबरोबर तिच्या पोटात काहीतरी कडू साचत गेलं, आणि तिनं ते सांडू दिलं नाही.

नवसाबाई थोरल्या सुनेपाशीच राहायची. धाकट्याच्या नव्या घरात म्हातारीसाठी जागा निघाली नव्हती. डोळ्यांनी अंधुक, पण कान शाबूत. संध्याकाळी सून ओसरीवर मान चोळत बसली की म्हातारी म्हणायची, "देवाला डोळे हायेत गं."

"देवाला असू द्या आत्याबाई. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

त्या उन्हाळ्यात ती मेथीच्या जुड्या घेऊन नाशिक रोडला बाजाराला गेली होती. जुड्या दुपारच्या आत खपल्या. येताना स्टेशनमागच्या रस्त्याला शामसुंदर मिस्त्रीचं लोखंडी दारं-खिडक्यांचं वर्कशॉप लागलं. बाहेर भिंतीला टेकवून एक मोठी दोन झडपांची खिडकी ठेवली होती, लाल रंग मारलेली. वर खडूनं गावाचं नाव. यशोदाबाईला अक्षरं लागत नव्हती, पण शामसुंदर कुणाला तरी सांगत होता, "ती कोंडाजीरावांची खिडकी मंगळवारच्या टेम्पोत टाक." ते ऐकून ती थबकली.

"काय पाहिजे बाई?"

"दार करायचंय. बोळाच्या तोंडाला." ते तिच्या तोंडातून आपोआप गेलं. आणि गेल्यावर तिला कळलं की आपल्याला हेच पाहिजे होतं.

शामसुंदर बोलका माणूस. हात पुसत म्हणाला, "माप आणलंय? नसेल तर माझा माणूस येऊन मोजून घेईल. लोक सुतळीनं माप आणतात आणि मग माझ्या नावानं बोंब मारतात. सुतळी ताणली की लांब, ढिली धरली की आखूड. जिथं दार बसवायचं ती जागा वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजायची. भिंती कधी सरळ नसतात. तिन्हीतलं सगळ्यांत कमी धरायचं, त्यातून बोटभर ढिलाई सोडायची. प्लास्टर राहिलं असलं तर तेही वजा करायचं. आणि दार कुठल्या अंगाला उघडणार ते आधी ठरवायचं. ते कुणी सांगतच नाही बघा."

"ही खिडकी कुठल्या अंगाला उघडती?"

"बाहेर. लोखंडी खिडक्या बाहेरच उघडतात. पावसाचं पाणी आत येत नाही."

"लाकडाच्या आत उघडत्यात."

"त्याच सवयीनं तर लोक फसतात. मी कोंडाजीरावांना दोनदा विचारलं, बाहेर झडप फिरायला जागा आहे ना? तर म्हणाले, बाहेर सगळं आपलंच आहे."

यशोदाबाई त्या लाल झडपेकडं बघत राहिली. बाहेर सगळं आपलंच! तिचा बोळ, तिचं जू, तिच्या सासूच्या विती, सगळं त्यानं एका वाक्यात स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं. तिची कानशिलं तापली. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "माणूस नको पाठवू. माप मी आणते."

घरी येऊन तिनं परड्यातल्या बेटातला सरळ वेळू तोडला. गाडीचं जू ओसरीवर आडवं टाकलं आणि त्याच्याशेजारी वेळू ठेवला.

"आत्याबाई, हात आणा."

"कशाला गं?"

"जुवाच्या दोन्ही अंगाला वीत ठेवा. तेव्हा ठेवली व्हती तशी."

नवसाबाई चाचपडत पुढं सरकली. अंगठा जुवाच्या टोकाला टेकवला आणि करंगळी ताणली. बोटं आता वाकली होती, सांधे सुजले होते. ताणताना ती कण्हली. एका टोकाला ठेवली, मग सरकत सरकत दुसऱ्या टोकाला. यशोदाबाईनं दोन्हीकडं कोयत्यानं खाच पाडली आणि वेळू तेवढाच ठेवून बाकीचा छाटला.

"माझ्या लेकाचं वाईट करतीयस का गं?" म्हातारीनं विचारलं.

"मी काय बी करत नाय. मोजतेय."

म्हातारीनं सुजलेली बोटं चोळली. मग म्हणाली, "मोज."

पुढच्या बाजारी यशोदाबाई वेळू खांद्यावर घेऊन एसटीत चढली. कंडक्टर कटकटला, बसायला जागा मिळाली नाही. नाशिक रोडपर्यंत तिनं काठी उभी धरून ठेवली, एखाद्या खड्ड्यात आत्याबाईची वीत मोडू नये म्हणून हाताचा आडोसा करून.

शामसुंदरनं वेळू मोजला. "यातून बोटभर कमी करतो."

"करू नको."

"अहो बाई, बसणार नाही."

"ढिलाई एवढीशीबी सोडायची नाय. वेळू जेवढा, दार तेवढं."

"ही बोळाचीच रुंदी आहे ना? वर-खाली मोजलंत ना?"

"ही बोळाचीच रुंदी हाय," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

"बसलं नाही तर मी परत घेणार नाही."

"नको घेऊ." दोन शेळ्या विकून आलेली रक्कम तिनं पदराच्या गाठीतून सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली.

मधल्या दिवसांत कोंडाजीची खिडकी आली आणि बसली. बोळाकडच्या खोलीला, जिथं नवी सून राहणार होती. काच लागली, वर आकाशी ऑइलपेंट चढला. रंग वाळेस्तोवर झडपा बंदच ठेवल्या होत्या. कोंडाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोळात नेऊन काच दाखवायचा. तिच्या बोळात. खत वाहणारी यशोदाबाई समोरून आली की लोकांना म्हणायचा, "सरका जरा, वैनीला जाऊ द्या." तो असा मोठेपणा करायचा की तिला थुंकावंसं वाटायचं. ती पाटी सावरून जायची.

लग्नाला आठवडा राहिला असताना टेम्पो दार घेऊन आला. सकाळची वेळ, पाराखाली माणसं बसलेली. लोखंडाच्या चौकटीत दोन पाखांचं भक्कम दार होतं. टेम्पोवाल्यांनी उचलून बोळाच्या तोंडाशी नेलं, आडवं लावलं आणि थांबले. दार बोळात जाईना. एक टोक तिच्या भिंतीला टेकवलं तर दुसरं कोंडाजीच्या भिंतीच्या कोपऱ्यावर चांगलं हातभर येत होतं.

आधी एक जण हसला, मग सगळा पार हसला. आवाज ऐकून कोंडाजी बाहेर आला. त्यानं दाराकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"वैनी, दार करायचं तर आधी भोक मोजावं लागतं. बाजारातनं लुगडं घेतल्यासारखं असतंय व्हय?"

लोक पुन्हा हसले. टेम्पोवाला म्हणाला, "परत नेऊ का?"

"र्‍हाऊ दे तिथंच," यशोदाबाई म्हणाली. ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर जू होतं आणि दुसऱ्या हाताला नवसाबाई. तिनं जू दारावर आडवं टेकवलं, बरोबर मधोमध. दोन्ही टोकांना सारखी जागा उरली.

"आत्याबाई, वीत ठेवा."

हसू कमी झालं. सावळीरामबाबा पारावरून उठून जवळ आले. म्हातारीनं लोखंड चाचपलं, उन्हानं तापलं होतं तरी हात काढला नाही. जुवाच्या टोकाला अंगठा टेकवून करंगळी ताणली. करंगळी नेमकी चौकटीच्या कडेला लागली. सुनेनं तिला दुसऱ्या टोकाला नेलं. तिथंही तसंच.

"दार बराबर हाय भावजी," यशोदाबाई म्हणाली. "भिंत चुकली."

कोंडाजी पुढं आला. "म्हातारीला काय कळतंय? हात तरी धड हाय का तिचा?"

नवसाबाईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "हात वाकलाय कोंडू. तेव्हा सरळ व्हता. तेव्हाची वीत याच्यापेक्षा मोठी व्हती. तुला कमीच धरलंय रं तिनं."

आईच्या तोंडून असं आल्यावर सावळीरामबाबांचीही आठवण परत आली. खाकरून म्हणाले, "जू आन दोन विती. असंच ठरलं व्हतं. मी व्हतो तिथं."

"आता स्लॅब पाडू का?" कोंडाजी ओरडला. मग भोवती बघून त्यानं आवाज खाली आणला. "लगीन तोंडावर आलंय वैनी. लगीन होऊ दे. थांब, बघतो."

ते तिनं ऐकलं आणि तिच्या आत जे साचलं होतं ते जागच्या जागी घट्ट झालं. "बरं," ती म्हणाली. "दार कुठंतरी ठेवावं लागंल. माझ्याच जागेत ठेवते."

टेम्पोवाल्यांच्या मदतीनं तिनं दार लांबीनं बोळात नेलं, कोंडाजीच्या खिडकीसमोर. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दगडांवर उभं केलं. मागून लाकडाचे टेकू दिले, खाली मेखा ठोकल्या. मेखा तिनं स्वतः ठोकल्या, पदर खोचून, एकेक घाव मोजून-मापून. दार खिडकीला शिवत नव्हतं. तक्रार करायला तिनं जागाच ठेवली नव्हती.

कोंडाजीला काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. रंग वाळला म्हणून त्यानं खिडकीची कडी काढून झडप ढकलली. झडप वीतभर गेली आणि ठण् करून दारावर आपटली. दुसरी ढकलली, तीही आपटली. बोळापलीकडं यशोदाबाई शेंगा निवडत बसली होती. त्या आवाजानं तिला जेवणाइतकं समाधान झालं.

तो तावातावानं बोळात आला. "काढ हे."

"भावजी, दाराला हात लावा खुशाल. मग मीबी जू घेऊन मांडवात येते. व्याह्यांना सांगते, तुमची पोरगी कुणाच्या जागेत नांदणार हाय ते."

कोंडाजीनं हात मागं घेतला. नाशिक रोडचे व्याही प्रेसमध्ये नोकरीला, शिकलेली माणसं. त्यांना त्यानं सांगितलं होतं, आमचं सगळं एकहाती, भांडण ना तंटा. तो तसाच परत गेला.

लग्न झालं. सून आली, सुधा नावाची, बारीक चणीची, गोरी पोरगी. वैशाख असा तापला होता की कोंबड्या चोच उघडून बसायच्या. त्या खोलीवर स्लॅब, शेजारी नवी चूल, भिंतींना ताज्या ऑइलपेंटचा वास, आणि खिडकी वीतभर उघडी. पहिल्या दिवशी पोरीचा हात तेवढ्या फटीतून बाहेर आला. बांगड्या भरलेला, मेंदी लावलेला हात, हवा कुठं आहे ते चाचपत असावा तसा. यशोदाबाईनं पाहिलं. तिला त्या हाताची कीव आली, खरंच आली. ती उठून दुसऱ्या अंगाला तोंड करून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी चुलीपुढं घेरी येऊन पडली. कोंडाजीची बायको मालनबाई तोंडावर पाणी मारत होती, बायका गोळा झाल्या होत्या, आणि नेमके त्याच वेळी तिचे वडील मूळ म्हणून न्यायला आले. घामानं भिजलेल्या लेकीला बघून ते खिडकीपाशी गेले. झडप ढकलली. ठण् वाजलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

कोंडाजीनं पुढं होऊन झडप ओढून घेतली.

दिवस कलायच्या आत कोंडाजी यशोदाबाईच्या ओसरीपाशी आला. डोक्याला टोपी नव्हती. ओसरीच्या खालीच उभा राहिला. वर येऊन बस असं तिनं म्हटलं नाही. नवसाबाई आत होती, ती ऐकत होती.

"वैनी, दार काढ. पोरगी आजारी पडंल."

यशोदाबाई सुपातले खडे वेचत होती. "थांबा," ती म्हणाली. "बघते."

तिनं सूप झाडून होईस्तोवर त्याला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "भिंत पाडा म्हणत नाय मी. पण माझी गाडी परड्यात गेली पायजे. तुमच्या अंगणातनं, तुमच्या घराच्या पलीकडच्या अंगानं. मागचं कुंपण तुमच्या हातानं तोडायचं."

"अंगणातनं? शेणाची गाडी?"

"व्हय. दारातनं."

त्यानं जमिनीकडं बघत मान हलवली.

"आन खिडकी माझ्या बोळात उघडती. रोज उघडताना इचारायचं. पोरीनं नाय. भिंत ज्यानं बांधली त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाजीनं आपल्या हातानं काटेरी कुंपण तोडलं. हाताला काटे लागले, रक्त आलं. यशोदाबाईनं बोळातल्या मेखा उपटल्या आणि दार आपल्या भिंतीला टेकवून ठेवलं. मग बैल जुंपायला घेतले. जू बैलांच्या मानेवर चढवलं. मारुतीच्या पाराकडं आज जायचं नव्हतं.

खिडकीच्या फटीतून सुधाचा आवाज आला, "काकू, उघडू का?"

यशोदाबाईच्या तोंडात 'उघड की पोरी' आलं होतं. तिनं ते आवरलं. "तू नको इचारू बाय. तुझ्या सासऱ्याला इचारू दे."

आत कुजबुज झाली. कोंडाजी घराबाहेर आला. अंगणात मालनबाईनं सडा टाकून रांगोळी काढली होती, पलीकडच्या ओट्यावर शेजारीपाजारी उगाच उभे होते. त्यानं घसा साफ केला.

"वैनी," तो म्हणाला, "खिडकी उघडू का?"

यशोदाबाईनं जुवाच्या टोकाची शिवळ अडकवली, दुसऱ्या बैलाच्या गळ्यातली जोती ताणून बघितली. मग गाडीवर चढून बसली आणि कासरा हातात घेतला.

"थांबा भावजी," ती म्हणाली. "बघते."

आणि तिनं गाडी त्याच्या अंगणात घातली. चाकं रांगोळीवरून गेली. तो सपाता उचलून बाजूला झाला. गाडी परड्यात गेली, उकिरड्याला लागली, आणि तिनं सावकाश पाटी पाटी करून ती भरली. ऊन वर आलं. कोंडाजी आत जाऊन खिडकीपाशी झडपेला हात लावून उभाच होता.